किंचित अमेइरो : एका विमानाच्या रंगाची पाठचिकित्सा

१९४२ च्या आरंभी जपानी नौदलाच्या विमान-तंत्रविभागाने लढाऊ विमानांच्या कॅमोफ्लाजसंबंधी एक अहवाल सिद्ध केला. आकाशात, समुद्रावर किंवा जमिनीवर उभे असता कोणत्या रंगाचे विमान कमी दिसते, याची परीक्षा हा त्याचा विषय. त्या वेळी वापरात असलेल्या रंगाचा उल्लेख त्यात केवळ तुलनेसाठी, जाता जाता आला आहे : जे-३ क्रमांकाचा राखाडी, पण किंचित 'अमेइरो'ची छटा असलेला. लिहिणाऱ्याला यात काही विशेष सांगायचे नव्हते; वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ते विमान उभेच होते. या एका शब्दावर पुढे, अहवाल लिहिणारे आणि ती विमाने उडवणारे बहुतेक सगळे काळाआड गेल्यावर, विमानांच्या लहान प्रतिकृती करणाऱ्यांत जो वाद झाला तो साहित्याच्या अभ्यासकांना अपरिचित वाटू नये. शब्दाचा अर्थ, साक्षींचा परस्परविरोध आणि अखेरीस कोणता तरी एक पाठ स्वीकारण्याची सक्ती, हे सारे त्यात आहे. पाठ मात्र येथे कुंचल्याने स्वीकारावा लागतो.

हे विमान म्हणजे मित्सुबिशीचे 'झिरो'. ते १९४० मध्ये जपानी नौदलात दाखल झाले. जपानी राजशकाप्रमाणे ते वर्ष २६०० चे, आणि त्यातले शेवटचे शून्य त्याच्या नावाला चिकटले. त्याच्या पंखांचा विस्तार १२ मीटर. एकास बहात्तर या प्रमाणात तो पावणेसतरा सेंटिमीटर होतो, म्हणजे विमान तळहाताच्या थोडे बाहेर डोकावते. हे प्रमाण प्रतिकृतीकारांच्या जगात इतके रुळले आहे की त्याचे मूळ कोणी विचारत नाही. ते इंग्रजी मोजमापातून आले : एक इंच म्हणजे सहा फूट. सहा फुटांचा माणूस एक इंचाचा होतो, ही सोय. १९३० नंतरच्या काही वर्षांत जेम्स हे स्टीव्हन्स यांनी 'स्कायबर्ड्स' या नावाने लाकडी विमानांचे संच इंग्लंडात आणले आणि सगळी विमाने एकाच प्रमाणात असावीत असा आग्रह धरला. आपल्याकडे दिवाळीच्या किल्ल्यावर महाराज महाद्वारापेक्षा उंच असतात, मावळा बुरुजाला टेकला तर बुरुज त्याच्या कमरेला लागतो, आणि कोणालाही त्यात चूक दिसत नाही. तेथे आकार मानाप्रमाणे ठरतो. स्टीव्हन्स यांच्या शिस्तीत मान कोणालाच नाही. बॉम्बफेके विमान मोठे दिसते ते मोठे आहे म्हणून.

१९३६ मध्ये 'फ्रॉग' या नाममुद्रेखाली सेल्युलोज ॲसिटेटचे साचेबद्ध संच निघाले. ही विमाने उडत नसल्याने त्यांना 'पेंग्विन' म्हटले गेले. नाव ठेवणाऱ्याच्या विनोदबुद्धीला दाद द्यायला हवी. त्या द्रव्याचा दोष असा की ते कालांतराने मुरडते, आणि म्हणून आज उरलेल्या पेंग्विनांचे पंख बहुधा वाकडे आहेत. पण रंगाच्या इतिहासासाठी त्याहून महत्त्वाची गोष्ट युद्धकाळात घडली. १९४२ च्या आरंभी अमेरिकी नौदलाने देशभरच्या शाळकरी मुलांना लाकडी प्रतिकृती करायला सांगितल्या. मागणी पाच लाखांची होती. सैनिकांना आपले विमान आणि शत्रूचे विमान ओळखायला शिकवण्यासाठी त्या हव्या होत्या. दहा मीटरवरून पाहिलेली एकास बहात्तरची प्रतिकृती सातशे वीस मीटरवरच्या खऱ्या विमानाएवढी दिसते, हा त्यामागचा हिशेब. या सगळ्या प्रतिकृती काळ्या रंगवायच्या होत्या. चिन्हे नाहीत, काच नाही, वैमानिक नाही. जिथे ओळखण्यावर माणसांचे प्राण अवलंबून होते तिथे बारकावे अडथळा ठरले, आणि केवळ बाह्याकृती उरली. प्रतिकृती इतकी उपयुक्त पुन्हा कधी झाली नाही. आणि त्या वेळी ती रंगहीन होती.

युद्धानंतर पॉलिस्टायरीन आले. लंडनच्या एअरफिक्सने १९५३ मध्ये स्पिटफायरचा संच काढला आणि तो वूलवर्थच्या दुकानांतून दोन शिलिंगांना मिळू लागला. त्या काळच्या अनेक संचांत राष्ट्रचिन्ह कुठे यायचे याची रेघ साच्यातच उठवलेली असे, म्हणजे मुलाने फक्त ती भरायची. हलच्या हंब्रोल कंपनीने एनॅमल रंगांच्या इवल्याशा डब्या बाजारात आणल्या. १९६३ मध्ये ब्रिटनमध्ये प्लास्टिक प्रतिकृतीकारांची सोसायटी स्थापन झाली, आणि मुलांचा खेळ वाटणाऱ्या या गोष्टीत मोठ्या माणसांनी परीक्षक, पारितोषिके व वादविवाद आणले. संचातल्या कागदावर तोवर 'हलका राखाडी' एवढे लिहिलेले पुरत असे. आता 'कोणता हलका राखाडी?' असा प्रश्न विचारला जाऊ लागला.

त्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी कुंचल्याकडे थोडे पाहणे आवश्यक आहे, कारण बारकाव्याचा मोह तिथे सुरू होतो. आम्ही स्वतः हे काम केले आहे. चांगले केले असे म्हणवत नाही. एकास बहात्तरमध्ये वैमानिक अडीच सेंटिमीटरचा, त्याचा डोळा चार दशांश मिलिमीटरचा. नवशिक्या साहजिकच दुकानातला सगळ्यात बारीक, तीन शून्यांचा कुंचला आणतो. अनुभवी माणूस एक किंवा दोन क्रमांकाचा घेतो, पण सैबेरियातल्या कोलिन्स्की नावाच्या मुंगसासारख्या प्राण्याच्या शेपटीच्या केसांचा. त्याचे पोट भरलेले असते आणि टोक एका केसावर येते. बारीक कुंचल्यात रंगच इतका थोडा मावतो की हात डोळ्यापाशी पोचेपर्यंत तो वाळून जातो. मनगट टेकवावे, श्वास सोडून थांबावे, आणि कुंचला न हलवता विमानच कुंचल्याकडे न्यावे, या युक्त्या एकमेकांना सांगितल्या जातात. लघुचित्रे काढणाऱ्या आपल्याकडच्या चित्रकारांना खारीच्या केसांचा कुंचला ठाऊक होता. त्यांना यातले काही नवे वाटले नसते.

उपकरणफलक हा या कामातला सर्वांत आवडता भाग. दोन सेंटिमीटरहून अरुंद अशा पट्टीवर डझनभर तबकड्या. फलक काळा रंगवायचा, वाळू द्यायचा, मग सुईने तबकडीतला काटा हलकेच खरवडायचा, म्हणजे खालचे पांढरे प्लास्टिक दिसते. कडांवरून जवळजवळ कोरडा, राखाडी रंगाचा पुसट अंश उरलेला कुंचला फिरवायचा, म्हणजे उंचवटे तेवढे उजळतात. शेवटी प्रत्येक तबकडीत वॉर्निशचा एकेक थेंब सोडायचा; तो काच होतो. मग वरची पारदर्शक छत्री चिकटवली की यातले जवळजवळ काहीच दिसत नाही. हे ठाऊक असूनही लोक ते करतात. फ्लोबेरच्या एका कथेत पियानोवर एक हवामापक यंत्र आहे. त्याचे कथेत काहीच काम नाही, आणि म्हणूनच ते 'हे खरे आहे' असे सांगते, असा युक्तिवाद रोलां बार्थ यांनी १९६८ मधील एका निबंधात केला. प्रतिकृतीतल्या तबकडीची जात तीच. फरक असा की फ्लोबेरचा हवामापक वाचकाला दिसतो. ही तबकडी ज्याने रंगवली त्यालाच माहीत असते.

पत्र्यांच्या सांध्यांची गोष्ट आणखी विलक्षण आहे. खऱ्या विमानात दोन पत्र्यांमधली फट दोनतीन मिलिमीटरची धरली तर एकास बहात्तरमध्ये ती मिलिमीटरच्या तीस-चाळीस सहस्रांशांएवढी यायला हवी, म्हणजे डोळ्याला दिसूच नये. संचात ती दीड-दोन दशांश मिलिमीटर असते. उलट हिशेब केला तर खऱ्या विमानात बोट अडकेल एवढ्या फटी पडल्या. त्या फटीत तैलरंगाचा टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला वॉश सोडला की तो केशाकर्षणाने आपोआप धावत जातो आणि सांधा गडद होतो. हे पाहण्यात मोठे सुख आहे. १९७० नंतर शिकागोचे शेपर्ड पेन आणि बेल्जियमचे फ्रांस्वा वेर्लिंडेन यांच्या प्रभावाने कोरडा कुंचला व वॉश सर्वत्र गेले. पुढे सांध्यांवर आधी काळे फवारून त्यावर मूळ रंगाचा विरळ थर देण्याची पद्धत आली. आता विमानाचा प्रत्येक पत्रा कडेला गडद, मध्ये फिका असा दिसू लागला. युद्धकाळातले एखादे छायाचित्र घेऊन पाहावे : तसे विमान क्वचितच सापडेल. पण परीक्षकाला स्वच्छ, एकसारख्या रंगाचे विमान 'खेळण्यासारखे' वाटू लागले आणि मळवलेले 'वास्तव' वाटू लागले. वास्तववाद ही एक संकेतपद्धती आहे, हे साहित्याच्या वर्गात शिकवायला आपल्याला बरेच तास लागतात. येथे ते एका टेबलावर मांडता येते.

हे सगळे फसवणूक म्हणून टाकून देण्याचे कारण नाही. तीस सेंटिमीटरवरून पाहिलेली प्रतिकृती म्हणजे साडेएकवीस मीटरवरून पाहिलेले विमान. मधली हवा रंग फिका करते, म्हणून प्रतिकृतीच्या रंगात थोडा पांढरा मिसळावा, असा एक नियम या मंडळींत प्रचलित आहे. एकास बहात्तरसाठी शेकडा १५ हा आकडा पुष्कळदा सांगितला जातो. साडेएकवीस मीटर हवेने रंग इतका फिका होतो का, याबद्दल आम्हांला शंका आहे. पण लहान वस्तूवर सावलीही लहान पडते, ती सूर्याने पाडलेली पुरत नाही, म्हणून ती रंगवावी लागते, हे मात्र कोणीही स्वतःच्या डोळ्यांनी पडताळून पाहू शकतो. प्रमाणात लहान करता येते ती लांबी. प्रकाश लहान करता येत नाही.

आता अमेइरोकडे. अनेक वर्षे झिरो पांढुरका राखाडी रंगवला जात असे. चित्रपटांतून तो तसा दिसे, पेटीवरच्या चित्रांतही तसा. मग हवाई बेटांवर आणि प्रशांत महासागरातल्या इतर ठिकाणी पडलेल्या विमानांचे तुकडे अभ्यासक नीट पाहू लागले. हे तुकडे, विशेषतः ज्यांच्यावर ऊन पडले नव्हते ते, पांढुरके नव्हते. त्यांत हिरवट, तपकिरीकडे झुकणारी अशी एक छटा होती, ऑलिव्हच्या जवळची. काहींच्या पृष्ठावर पिठासारखा पांढरा थर चढला होता आणि तो चोळून काढला की खालून गडद रंग येई. तेव्हा अहवालातल्या त्या शब्दाकडे लक्ष गेले.

अमे म्हणजे धान्यातील पिष्टापासून आटवून केलेला चिकट, पारदर्शक पाक. आपल्याकडच्या काकवीच्या जातीचा, पण तिच्याहून फिका. 'इरो' म्हणजे रंग. इंग्रजीत त्याचे भाषांतर कोणी अंबर केले, कोणी कॅरामेल. आणि भाषांतर बदलले तसे विमान बदलले. कॅरामेल म्हणताच इंग्रजी वाचणाऱ्याने तपकिरी बाटली उचलली. वस्तुतः अहवालात 'किंचित' हा शब्द आहे, आणि मुख्य संज्ञा 'राखाडी' आहे. पण वादात विशेषणाने नामाला गिळले. आपल्या पाकपुस्तकांकडे पाहिले तर हा धोका चटकन कळेल. जपानी पाककृतीत कांदा मंद आचेवर पुष्कळ वेळ परतला की तो अमेइरो झाला असे म्हणतात. मराठी पाककृती कांदा परतताना तो 'गुलाबी' झाला की थांबायला सांगते. गुलाबाच्या रंगाचा कांदा कोणत्याही कढईत आजवर झालेला नाही, तरी मराठी घरात त्या शब्दाने कोणाची फसगत होत नाही, कारण सांगणाऱ्याने आणि ऐकणाऱ्याने तो कांदा पाहिलेला असतो. पाकपुस्तक परदेशी गेले, कढई मागे राहिली, आणि कोणी एखाद्या संग्रहालयात मराठी कांद्याची प्रतिकृती रंगवू लागला तर काय होईल? झिरोचे काहीसे तसे झाले.

साक्षी तीन प्रकारच्या होत्या आणि तिघींचेही दोष वेगळे. तुकडे खरे होते, पण ते ऊन, खारे पाणी, आग आणि वार्धक्य यांतून आलेले. रंगातले बंधकद्रव्य वय वाढले की पिवळे पडते. तेव्हा आज दिसणारी अमेइरो ही मूळची की काळाने दिलेली, हा प्रश्न उरतोच. मायकेलअँजेलोच्या सिस्टाइन छताची सफाई १९८० नंतर सुरू झाली तेव्हा कलेतिहासकारांत याच प्रश्नावर फळी पडली होती : काजळी आणि वॉर्निश कुठे संपते आणि चित्रकार कुठे सुरू होतो. छायाचित्रे त्या काळची होती, पण कृष्णधवल. आणि फिल्म कोणती यावर छटा ठरते. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर लाल आणि पिवळा काळपट येतो, निळा फिका पडतो. दस्तऐवज निःसंदिग्ध शब्दांत लिहिलेला, पण शब्दांत. त्यातही झिरो एकट्या मित्सुबिशीने बांधले नाहीत; नाकाजिमाने मित्सुबिशीपेक्षाही अधिक बांधले, आणि दोन्ही कारखान्यांचे रंग तंतोतंत एक नव्हते. कापड चढवलेल्या सुकाणूचा रंग धातूच्या भागापेक्षा अधिक राखाडी राहिला असावा, असेही काही अभ्यासक मानतात. कॉकपिटच्या आतला हिरवा कारखान्यागणिक वेगळा. पंखांच्या आतल्या बाजूला, धातू गंजू नये म्हणून, निळसर हिरवे पारदर्शक लाखेचे लेपन असे. त्याला 'आओताके', म्हणजे हिरवा बांबू, म्हणत. म्हणजे तिथेही रंगाचे नाव वस्तूवरून आले आहे, आणि वस्तू न पाहिलेल्या माणसाने ते ऐकायचे आहे.

पुण्यातल्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम १९१९ मध्ये सुरू होऊन १९६६ मध्ये पुरे झाले. तिच्या पानावर एक सोय आहे, जिचे महत्त्व आम्हांला झिरोच्या वादाने नव्याने जाणवले. जो पाठ स्वीकारला पण ज्याविषयी खात्री नाही, त्याखाली नागमोडी रेघ असते. तळाशी इतर प्रतींतले पाठभेद. संपादक निर्णय घेतो आणि त्याच पानावर आपली शंकाही नोंदवतो. शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करणाऱ्या एकनाथांना ही सोय नव्हती. त्यांना एकच पाठ ठेवावा लागला. प्रतिकृतीकार एकनाथांच्या जागी आहे, आणि त्याच्यापाशी ना तो अधिकार, ना ती श्रद्धा. त्याला पंख रंगवायचा आहे. पंखाखाली नागमोडी रेघ काढता येत नाही. डावा पंख पांढुरका राखाडी आणि उजवा ऑलिव्ह, असे करून 'पाठभेद' म्हणता येत नाही. बाटली एकच उघडावी लागते. टामियाच्या रंगमालेत पुढे 'राखाडी-हिरवा, जपानी नौदल' अशी वेगळी बाटलीच आली, आणि बहुसंख्य लोकांपुरता वाद मिटला. व्यापाराने मान्यताप्राप्त पाठ प्रसिद्ध केला, असे म्हणता येईल.

अडचण याहून खोल आहे, आणि ती बारकाव्यांच्या रंगकामातच आहे. ज्या कुंचल्याने आपण निश्चित ठाऊक असलेली गोष्ट रंगवतो, उदाहरणार्थ शेपटीवरचा क्रमांक, जो छायाचित्रात स्पष्ट वाचता येतो, त्याच कुंचल्याने आपण अंदाजाची गोष्ट रंगवतो. दोन्ही रेघा सारख्याच धारदार येतात. किंबहुना अंदाज जितका दुबळा तितकी रेघ अधिक काळजीने काढली जाते. पाहणारा मनगटाच्या स्थैर्यावर विश्वास ठेवतो आणि ज्ञानालाही तोच विश्वास देऊन बसतो. ऐतिहासिक कादंबरीत हे आपण पुष्कळदा पाहिले आहे : अंगरख्याची जर, तलवारीची मूठ, विड्याचे तबक इतक्या नेमकेपणे येते की त्या तबकाभोवतीचे संभाषण कल्पित आहे हे वाचक विसरतो. आम्ही त्या कादंबऱ्यांना नावे ठेवत नाही; आमच्या टेबलावरही तेच घडले आहे.

जर्मन हवाईदलाच्या अखेरच्या वर्षाची गोष्ट तर याहून विचित्र. त्या देशाला रंगांना क्रमांक देण्याची मोठी हौस. १९८० मध्ये केनेथ मेरिक व टॉमस हिचकॉक यांनी जर्मन विमानांच्या रंगांचा एक ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यात प्रत्यक्ष रंगाच्या चकत्या चिकटवल्या. प्रतिकृतीकारांनी तो धर्मग्रंथासारखा वापरला. परंतु १९४४ च्या ऑगस्टमध्ये ८१ आणि ८२ हे नवे क्रमांक अमलात आणताना खुद्द मंत्रालयाने कारखान्यांना कळवले होते की या रंगांचे नमुने पुरवता येत नाहीत, त्यामुळे रंग जुळतो की नाही याची तपासणीही करता येणार नाही. म्हणजे मूळ प्रतच नाही. कारखान्यागणिक ८१ कुठे तपकिरी, कुठे जांभळट, कुठे हिरवट निघाला, आणि प्रत्येक जण नियमाप्रमाणे बरोबर होता. या क्रमांकांच्या तयार बाटल्या आज दुकानात मिळतात. त्याच विमानांच्या शेपटीवरचे स्वस्तिक मात्र जर्मनीच्या फौजदारी संहितेच्या ८६ अ कलमामुळे अनेक संचांत पेटीवर नसते, आणि डेकलच्या कागदावर दोन तुकड्यांत दिलेले असते. ते जोडायचे की नाही ते घेणाऱ्याने ठरवायचे. हिरव्याच्या छटेवर महिनोन्महिने वाद घालणारी मंडळी या जोडणीविषयी फार थोडे बोलतात, हे आमच्या मनात राहून गेले आहे.

आपल्या बाजूचीही एक खूण आहे. झिरोच्या पंखांवर लाल वर्तुळ असे. ब्रिटिश आणि भारतीय विमानांच्या वर्तुळात मध्यभागी लाल ठिपका होता. घाईत नुसता लाल दिसला की आपलेच लोक आपल्याच विमानावर गोळ्या झाडण्याचा धोका, म्हणून या आघाडीवर तो लाल काढून टाकला गेला आणि निळ्याच्या दोन छटा उरल्या. ब्रह्मदेशावर उडणाऱ्या भारतीय तुकड्यांच्या विमानांवर हेच निळे चिन्ह होते. सुमारे चाळीस सेंटिमीटरचे ते वर्तुळ एकास बहात्तरमध्ये साडेपाच मिलिमीटर होते. स्वातंत्र्यानंतर काही काळ भारतीय विमानांवर पांढऱ्यात निळे अशोकचक्र होते. पुढे तिरंगी वर्तुळ आले. चक्राच्या चोवीस आऱ्या या आकारात हाताने रंगवण्याचा प्रयत्न आम्ही एकदा केला. सतरापर्यंत मोजता आल्या, बाकीच्या एकमेकींत मिसळल्या. नंतर छापील डेकल लावले.

हे सारे करताना झिरोने काय केले याचे विस्मरण सहज होते. १३ सप्टेंबर १९४० रोजी चोंगचिंगजवळच्या आकाशात तेरा झिरोंनी चिनी विमानांची दाणादाण उडवली. चोंगचिंग शहरावर त्याआधीही बॉम्ब पडत होते, त्यानंतरही पडत राहिले. ५ एप्रिल १९४२ च्या ईस्टर रविवारी कोलंबोवर आलेल्या बॉम्बफेक्यांबरोबर झिरो होते, ते याच किंचित अमेइरो राखाडीतले. १९४३ नंतर वरून हिरवे झालेले झिरो अखेरच्या वर्षात बॉम्ब बांधून जहाजांवर आदळवले गेले, आत विशीतली मुले होती. संचाच्या कागदावर यातले काही असायचे कारण नाही. त्यावर क्रमाने लिहिलेले असते : आसन हिरवे, सुकाणूची मूठ काळी, इंजिनाचे आवरण निळसर काळे, पंख्याची टोके लाल.

वैमानिकाची मूर्ती बहुतेक लहान संचांत असते. अनुभवी मंडळी ती बहुधा बसवत नाहीत. कारण सांगतात ते तांत्रिक : अडीच सेंटिमीटरचा माणूस कितीही चांगला रंगवला तरी बाहुला दिसतो, आणि त्याच्यामुळे मागचा उपकरणफलक झाकला जातो. मूर्ती सुटे भाग ठेवण्याच्या डबीत जाते. आसनावर कागदाच्या किंवा शिशाच्या पातळ पट्टीचे बंद लावतात, त्यांना मातकट पिवळा रंग देतात, बकलावर चांदीचा एक ठिपका ठेवतात, आणि वाळल्यावर चिमट्याने ते थोडे वाकवतात, कोणीतरी नुकतेच सोडून उठून गेल्यासारखे.